झोप न येणाऱ्याच्या मेंदूत काय चालते?



भात कापणीला येऊ लागले की रानडुकरांच्या भीतीने माळ्यावर रात्री काढाव्या लागतात. उसाला आणि बटाट्याला पाणी द्यायचे तर थ्री-फेज वीज कित्येकदा रात्रीच येते. शेतकऱ्याला जागरण नवे नाही. परंतु अशा जागरणाला निद्रानाश म्हणत नाहीत. मोटार बंद करून घरी आल्यावर जो माणूस घोंगडीवर पडताच घोरू लागतो, त्याची झोप शाबूत आहे. तिला फक्त वेळ मिळालेला नाही. निद्रानाशाची गोष्ट उलटी असते. घर शांत आहे, अंथरूण घातलेले आहे, कामाने अंग आंबले आहे, आणि तरीही डोळ्याला डोळा लागत नाही. लागलाच तर दोन वाजता उघडतो तो कोंबडा आरवेपर्यंत उघडाच. आठवड्यातून तीन रात्री तरी असे होत असेल, तीन महिने लोटले असतील आणि दिवसाच्या कामावर व स्वभावावर त्याचा परिणाम होत असेल, तर डॉक्टर त्यास जुनाट निद्रानाश म्हणतात. प्रौढ माणसांपैकी साधारण दहांत एकाला तो असतो. स्त्रियांत आणि वय झालेल्यांत त्याचे प्रमाण अधिक.

अशी माणसे फादरांकडे येतात तेव्हा बहुधा दोन प्रश्न विचारतात. कोणी काही करणी केली असेल का? आणि माझ्या हातून काही पाप घडले म्हणून तर ही शिक्षा नाही ना? दोन्ही शंका मनातून काढून टाकाव्यात. गेथशेमानी बागेत त्या रात्री जागा कोण होता आणि झोपले कोण होते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. झोप लागणे हे पुण्याचे लक्षण नव्हे आणि न लागणे हे पापाचेही नव्हे. कारण शोधायचे तर ते मेंदूच्या कामकाजात शोधावे लागते.

मेंदूचे वजन सुमारे १.४ किलो. एवढासा अवयव, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा खातो, आणि झोपेतही बंद पडत नाही. जर्मनीतील येना येथील डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्याला तारा लावून मेंदूतील विजेच्या लहरी प्रथम नोंदल्या व १९२९ साली ते प्रसिद्ध केले. त्या लहरींवरून पुढे झोपेच्या पायऱ्या समजल्या. आपण जागे असताना लहरी बारीक आणि घाईच्या असतात. गाढ झोपेत त्या मोठ्या व संथ होतात, जणू अगणित पेशी एका तालात श्वास घेत आहेत.

जागेपणातून झोपेत जाण्याचे बटन कोठे आहे, याचा पहिला सुगावा एका साथीने दिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात मेंदूला सूज आणणारा एक आजार पसरला. काही रोगी आठवडेच्या आठवडे झोपून राहत, तर थोड्यांना झोपच येत नसे. व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन एकोनोमो यांनी मरण पावलेल्या रोग्यांचे मेंदू तपासले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. झोप गमावलेल्यांत त्याच्या पुढच्या बाजूस इजा झालेली होती, आणि झोपाळू झालेल्यांत मागच्या बाजूस. पुढच्या भागात झोप आणणारे केंद्र असावे, असे त्यांनी त्यावरून मांडले. १९९६ साली अमेरिकेत क्लिफर्ड सेपर व त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांच्या मेंदूत त्याच ठिकाणी झोपेच्या वेळी काम करणाऱ्या पेशी सापडल्या. या पेशी जागवणाऱ्या पेशींना गप्प करतात, आणि जागवणाऱ्या पेशी यांना गप्प करतात. म्हणून निरोगी माणूस फार वेळ अर्धवट अवस्थेत लटकत नाही; बटन एक तर चालू असते, नाही तर बंद.

निद्रानाशात हे बटन मोडलेले नसते. जागवणाऱ्या बाजूवर इतका भार असतो की ते पुरते पलीकडे जात नाही. याला डॉक्टर अतिजागृती म्हणतात. २००४ साली पिट्सबर्ग विद्यापीठात एरिक नॉफझिंगर यांनी ७ निद्रानाशाचे रोगी आणि २० निरोगी माणसे घेऊन, मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे जागेपणी व झोपेत मोजले. रोग्यांचा मेंदू दोन्ही वेळी अधिक साखर खर्चीत होता. विशेष म्हणजे झोप लागल्यानंतरही त्यांच्या मेंदूतील जागवणारे भाग निरोगी माणसाइतके शांत होत नव्हते. माणसे थोडीच होती, पण विद्युतलहरींच्या नोंदींतही तसेच आढळते: काही रोग्यांत संथ लहरींसोबत जागेपणीच्या घाईच्या लहरी चालूच राहतात.

यातून घराघरांतील एक भांडण मिटावे. घरची आई सकाळी म्हणते, “रात्रभर डोळा लागला नाही,” आणि मुलगा म्हणतो, “खोटं का बोलतेस, मी उठलो तेव्हा तू घोरत होतीस.” दोघेही खरे बोलत असतात. झोप आलेली असते, पण मेंदूचा काही भाग पहाऱ्यावर बसलेला असतो आणि तो सकाळी साक्ष देतो की आपण जागेच होतो. तिला खोटे पाडू नये.

आता मेंदूतील भागांच्या परस्परसंबंधांविषयी. मेंदूचे दूरदूरचे भाग एकाच वेळी कमीजास्त काम करू लागले, तर त्यांच्यात दळणवळण आहे असे समजतात. आपण हातातील काम सोडून स्वस्थ बसलो की काही ठराविक भाग मिळून जागे होतात, हे सेंट लुईस येथील मार्कस रेचल यांनी २००१ साली दाखवून दिले. काल काय झाले, उद्या काय होईल, तो मला असे का बोलला, हे सारे तेथे चालते. त्यास मनाचे रवंथ म्हणावे. फरक एवढाच की गाय रवंथ करते ते पचवण्यासाठी, आणि आपण सोसायटीचे कर्ज मध्यरात्री चघळतो ते पचतही नाही व गिळवतही नाही. निरोगी माणसास गाढ झोप लागली की या भागांतील, विशेषतः मेंदूच्या पुढच्या व मागच्या बाजूंमधील, दळणवळण सैल पडते. निद्रानाशाच्या रोग्यांत या जाळ्यात, तसेच भीती व धोका ओळखणाऱ्या भागांच्या संबंधांत फरक असल्याचे अनेकांनी नोंदले आहे.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. एकाने एका ठिकाणी फरक दाखवला, तर दुसऱ्याने दुसऱ्याच ठिकाणी. २०१८ साली अशा पुष्कळ पाहण्या एकत्र करून तपासल्या, तेव्हा मेंदूतील एकही ठराविक जागा सर्वांत सारखी निघाली नाही. निद्रानाश हा बहुधा एकच आजार नसून अनेकांचे एक नाव आहे. तेव्हा नुसती झोप येत नाही म्हणून दागिना गहाण ठेवून डोक्याचा एमआरआय काढण्याची गरज नसते. या दुखण्याचे निदान फोटोवरून होत नाही. डॉक्टर नीट विचारपूस करून ते करतात.

हे दुखणे टिकते कसे, हे आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली फार चांगले मांडले. कोणाचा स्वभाव मुळातच हलक्या झोपेचा असतो. त्यात एखादे निमित्त घडते: बैल दगावतो, बाळंतपण येते, घरात मृत्यू होतो. निमित्त पुढे सरते, पण तोवर माणसाने सवयी लावून घेतलेल्या असतात. रात्रीची झोप भरून काढण्यासाठी तो आठ वाजताच अंथरुणावर पडतो, दुपारी दोन तास झोपतो, रात्री घड्याळ पाहत राहतो. तण कोणी पेरले हे मागे पडते. पाणी मात्र रोज मिळत राहते. हळूहळू मेंदू अंथरूण म्हणजे काळजीची जागा असे शिकतो.

म्हणून उपाय या शिकवणीवरच करायचा. २०१६ साली अमेरिकेतील वैद्यांच्या मोठ्या संघटनेने जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळी नव्हे, तर सवयी व विचार बदलण्याचा उपचार सांगितला. त्यातील मुख्य गोष्ट ऐकायला विचित्र वाटते: अंथरुणावरचा वेळ कमी करा. समजा, आपण नऊ ते सहा अंथरुणात असता आणि झोप मिळते साडेपाच तास. तर साडेअकराला पाठ टेकावी आणि पाचला उठावे, रविवारीसुद्धा. आठवडाभर बहुतेक वेळ झोप लागू लागली की पाव तास आधी झोपावे, आणि असे वाढवत न्यावे. पाच तासांच्या खाली जाऊ नये. पहिले पंधरा दिवस दिवसा पेंग येते. त्या दिवसांत ट्रॅक्टर आणि कडबा कापण्याचे यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यावे. ज्यांना फिट येते किंवा पूर्वी मनाचा मोठा आजार झाला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही, तर उठून पडवीत बसावे, दिवा मंद ठेवावा, मोबाईल हाती घेऊ नये, डोळे जड झाले की परत यावे. जपमाळ जरूर करावी, पण बसून, अंथरुणाबाहेर. झोप यावी म्हणून पडल्या पडल्या गूढे मोजण्याने प्रार्थनाही धड होत नाही आणि झोपही. सकाळी उजेडात बाहेर पडावे; आपल्यासारख्यांना ते सांगावे लागत नाही.

चहाविषयी थोडे. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे झोपेची ओढ वाढते. चहा-कॉफीतील कॅफिन त्याची जागा अडवून बसते, आणि पाच तासांनंतरही त्यातले निम्मे अंगात असते. दुपारनंतर चहा बंद करून पाहावा. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे, पण मध्यरात्रीनंतर तीच झोप मोडते. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या झोपेच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत. त्यांची सवय लागते आणि म्हातारी माणसे रात्री उठताना पडून हाड मोडून घेतात. जे कित्येक महिने घेत आहेत त्यांनी एकदम बंदही करू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात.

झोपेत श्वास अडखळणारे मोठे घोरणे, रात्री पायांत येणारी असह्य वळवळ (रक्तात लोह कमी असल्यानेही ती येते), लघवीसाठी वारंवार उठणे, यांसाठी तपासणी वेगळी असते. आणि एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी. निद्रानाश आणि मनाची खिन्नता एकमेकांना वाढवतात. जो कर्ता माणूस रात्रभर जागा असतो, बोलेनासा झाला आहे, आपण नसलो तर बरे असे म्हणू लागला आहे, त्याला “देवावर भरवसा ठेव” एवढे सांगून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, किंवा सरकारच्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर रात्री केव्हाही बोलता येते. मलाही केव्हाही उठवा. आणि तोपर्यंत त्या घरातील कीटकनाशकाच्या बाटल्या कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्या.