शत्रूच्या पंगतीला

गेल्या पावसाळ्यात नातवाने मला पेचात पाडले. आम्ही दोघे 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिका अगदी पहिल्यापासून पाहत होतो. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ती लागे, तेव्हा मी ती त्याच्या बापाला शेजारी घेऊन पाहिली होती. आता मुलाच्या जागी नातू आला, इतकेच. जुन्या भागांत क्लिंगॉन नावाचे परग्रहवासी दिसले, की हा "आले बदमाश!" म्हणून उशी उगारी. पुढे आम्ही १९८७ साली सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेपर्यंत येऊन पोचलो, आणि पाहतो तो काय! कप्तानाच्या पाठीशी, त्याच्याच दलाचा गणवेश चढवून, एक धिप्पाड क्लिंगॉन उभा! नातू माझ्याकडे वळून म्हणाला, "आबा, हे तर वाईट होते ना? मग हा आपल्यात कसा?"

"सुधारला तो," असे सांगून मी वेळ मारून नेली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, आपण पोराला खोटे सांगितले. क्लिंगॉन कुठे सुधारला होता? तोच ताठा, तोच संताप, तेच युद्धाचे वेड. मग बदलले होते तरी काय?

या मंडळींचा जन्म झाला २३ मार्च १९६७ रोजी. मूळ मालिका त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालेली. अमेरिका व्हिएतनाममध्ये लढत होती आणि रशियाशी तिचे शीतयुद्ध चालू होते. जीन कून या लेखकाने पृथ्वीकरांना तोडीस तोड असा एक शत्रू निर्माण केला. त्याचे रूप अगदी स्वस्तातले: काळपट रंग, जाड भुवया आणि हनुवटीवर दाढी! एका शांत ग्रहावर ताबा मिळवण्यासाठी दोन्ही पक्ष एकमेकांना भिडतात. ग्रहावरचे म्हातारे आपले हसून स्वस्थ बसलेले. अखेर कळते, की ते म्हातारे म्हणजे निव्वळ तेजोरूप, महासामर्थ्यवान जीव आहेत. ते दोन्हीकडची शस्त्रे हात भाजतील इतकी तापवतात आणि युद्धच थांबवतात. त्यावर आपला नायक कप्तान कर्क आणि क्लिंगॉनांचा सेनापती कोर, दोघेही एका सुरात चिडतात! आमच्या लढाईत तुम्ही कोण पडणार? तेव्हा एक म्हातारा शांतपणे सांगतो, की पुढे एक दिवस तुम्ही दोघे जिवलग मित्र व्हाल.

हे भाकीत त्या वेळी कोणी फारसे मनावर घेतले असेल, असे वाटत नाही. पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेचा एक स्वभाव असतो. सिनेमातला राक्षस मेला, की गोष्ट संपते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या राक्षसाला मात्र कुठेतरी राहावे लागते, काहीतरी खावे लागते, बायकोमुलांशी बोलावे लागते. नुसत्या आरोळ्यांवर किती भाग निघणार? म्हणून लेखक शत्रूच्या घरात डोकावू लागतात. आणि एकदा डोकावले, की पहिल्यासारखा द्वेष करणे कठीण होऊन बसते.

१९७९च्या चित्रपटात पैसा हाती आला, तेव्हा क्लिंगॉनांच्या कपाळावर हाडांचे उंचवटे उमटले. पुढे मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने त्यांची भाषा व्याकरणासह रचली, आणि १९८५ साली तिचा शब्दकोशही छापून निघाला. (पूर्वीची कपाळे सपाट कशी, असे १९९६च्या एका भागात विचारतात, तेव्हा क्लिंगॉन वीर वर्फ तोऱ्यात सांगतो, की आम्ही परक्यांशी त्याची चर्चा करीत नाही! कारण पुरवायला लेखकांना २००५ साल उजाडले.)

माझ्या मते खरी कलाटणी मिळाली ती १९८९च्या एका भागात. पृथ्वीकरांचा एक अधिकारी, रायकर, क्लिंगॉनांच्या जहाजावर चाकरीला जातो. तिथे त्याच्या पानात पडतात जिवंत, वळवळते किडे! आमच्या घरात त्या प्रसंगी सगळ्यांनी तोंडे फिरवली. पण रायकर ते मुकाट्याने गिळतो, यजमान खदखदा हसतात, आणि थट्टामस्करी सुरू होते. त्याच जहाजावरचा एकजण मग आपल्या बापाची लाजिरवाणी कहाणी सांगतो. शत्रूच्या पानाला पान लावून बसले, की असे होते. पुढल्याच वर्षी वर्फ आपल्या मेलेल्या बापावरचा देशद्रोहाचा खोटा आळ स्वतःच्या माथी घेतो. का, तर आपल्या राज्यात यादवी माजू नये म्हणून. तेव्हा नातवाच्या हातची उशी केव्हाच खाली आली होती.

पण हे सगळे फार गोड होत चालले असते, तर मी हा लेख लिहिला नसता. १९९१च्या चित्रपटाने या मैत्रीची किंमत दाखवली. क्लिंगॉनांचा एक चंद्र स्फोटात फुटतो, त्यांचे साम्राज्य मोडकळीस येते, आणि ते तहासाठी हात पुढे करतात. चेर्नोबिल आणि रशियाची अवस्था डोळ्यांपुढे ठेवूनच ही कथा रचलेली होती. तह घडवायला पाठवतात कर्कला, ज्याच्या तरुण मुलाला क्लिंगॉनांनी ठार केले आहे! ते मरत असतील तर मरू देत, असे तो रागाने बोलून जातो. तह मोडण्याचा कट करणारे दोन्हीकडचे निघतात. आणि अखेर तो तह वाचवतो कर्कच. चित्रपट संपल्यावर नातवाने विचारले, "पण आबा, त्याचा मुलगा?"

"तो नाही परत येत," मी म्हणालो. या वेळी खोटे बोलवेना.

प्रत्येक खलनायक असा जवळ येतोच, असेही नाही. ब्रिटनच्या 'डॉक्टर हू' मालिकेतले डालेक डिसेंबर १९६३मध्ये अवतरले. टेरी नेशन या लेखकाची ती निर्मिती: लोखंडी कवचात बसलेला द्वेष, आणि हाताच्या जागी मोरी साफ करायचा रबरी दट्ट्या! आपल्याहून वेगळे ते सर्व नष्ट करायचे, हाच त्यांचा धर्म. त्यांच्याशी पंगत जमत नाही. पण २००५च्या एका भागात एकुलता एक उरलेला डालेक साखळ्यांनी जखडलेला आहे, आणि नायक डॉक्टर त्याच्यावर असा तुटून पडतो, की तो डालेकच त्याला सुनावतो: तू चांगला डालेक झाला असतास! डालेक बदलला नाही, तरी त्याच्याकडे पाहताना डॉक्टर मात्र उघडा पडला.

नातवाला मी आता खरे उत्तर देऊन ठेवले आहे. "बाळ, क्लिंगॉन सुधारला नाही. आपल्याला त्याची ओळख झाली, एवढेच."

तो जरा वेळ विचार करीत बसला. मग म्हणाला, "म्हणजे बळीराजासारखे?" मी चमकलोच! नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण नरकासुर म्हणून कारीट पायाखाली चिरडतो, आणि त्याच दिवाळीत पाडव्याला बळीची पूजा करतो. असुर दोघेही. हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. यंदा कारीट फोडायचा मान मी त्यालाच देणार आहे. आणि बळीची पूजाही त्याच्याच हातून करवून घेणार आहे.