गोळी थांबवता येते का? आणि पथ्याचं काय?

व्याख्यानाआधी एक चिठ्ठी हातात आली. "घरात ब्लड कॅन्सरची गोळी सुरू आहे, रिपोर्ट चांगले आहेत. गव्हांकुराचा रस सुरू केला, तर गोळी बंद करता येईल का?" ठरलेला विषय बाजूला ठेवतो. दिग्रससारख्या गावात हा प्रश्न दवाखान्यापेक्षा ओट्यावरच जास्त विचारला जातो.

आधी एक स्पष्ट करतो. हे सगळं एकाच प्रकाराबद्दल आहे, सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. लहान मुलांच्या तीव्र ल्युकेमियात देखभालीच्या गोळ्या चुकवल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. तिथे हा विचारच नको.

सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीआर-एबीएल नावाचा बिघडलेला जनुक तयार होतो. इमॅटिनिब ही गोळी नेमकी त्याच्या प्रथिनाला अडवते. २००१ मध्ये ती अमेरिकेत मंजूर झाली. आपल्याकडे मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर जायची, जेनेरिक आठ-दहा हजारांत. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तिचं पेटंट नाकारलं, म्हणून जेनेरिकचा रस्ता खुला राहिला. तरी कापसाचे पैसे येईपर्यंत गोळी लांबवणारे लोक असतातच. ते थांबवणं वेगळं आणि आपण बोलतोय ते वेगळं.

फ्रान्समध्ये शंभर रुग्णांची गोळी मुद्दाम थांबवली. अट अशी, की किमान दोन वर्षं तपासणीत आजाराचा मागमूसही नसावा. त्यातल्या सुमारे ६० जणांत आजार परत दिसला, बहुतेकांना पहिल्या सहा-सात महिन्यांतच. पुन्हा गोळी दिल्यावर जवळपास सगळे आटोक्यात आले, कारण दर महिन्याला तपासणी होत होती आणि वाढ लगेच पकडली गेली.

आता उरलेले चाळीस बघा. ते काही ना काही खातच होते ना? त्यातला एखादा आपल्या गावचा असता आणि रोज गव्हांकुराचा रस पीत असता, तर तो काय म्हणाला असता? "रसाने बरा झालो." त्याचं खोटं नसतं, पण रस न पिताही ते चाळीस तसेच राहिले असते. आणि ज्या साठांचा आजार परतला, त्यांच्या रसाची गोष्ट पारावर कोणी सांगत नाही. आहाराने ही शांतता टिकते याचा भरवशाचा पुरावा आजवर नाही.

पण आहार गोळीच्या कामात लुडबूड करू शकतो, हे मात्र खरं. ग्रेपफ्रूट नको, त्याच्या कुळातलं पपनसही टाळलेलं बरं. औषधाचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं. नागपुरी संत्री खुशाल खा. इमॅटिनिब जेवणासोबत, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची. निलोटिनिब असेल तर उपाशीपोटी. काढ्यांबद्दल सांभाळून. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली आहे, आणि या गोळ्यांचा निचरा यकृतातूनच होतो. भाकर, वरण, अंबाडीची भाजी, काही सोडू नका.

चिठ्ठीत "रिपोर्ट चांगले" लिहिलंय. कोणता रिपोर्ट? सीबीसी नॉर्मल असणं पुरेसं नाही, त्यात लपलेला आजार दिसत नाही. बीसीआर-एबीएलची पीसीआर लागते. तिचा आकडा ०.०१ टक्क्याच्या खाली किमान दोन वर्षं टिकलेला हवा, गोळी निदान तीन वर्षं, इमॅटिनिब असेल तर शक्यतो पाच वर्षं घेतलेली हवी, आणि थांबवल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवण्याची तयारी हवी. आकडा ०.१ च्या वर गेला की त्याच आठवड्यात गोळी पुन्हा सुरू.

थांबवल्यावर काहींचे सांधे-स्नायू काही आठवडे किंवा महिने दुखतात. त्याला घाबरून आजार परतला समजू नका, डॉक्टरांना सांगा. ताई, तुमची पीसीआरची फाईल सोबत असेल तर व्याख्यानानंतर दाखवा, आकडे एकत्र वाचू.