इंजेक्शन द्यायला चार वर्षं कशाला?

बारावीचा निकाल लागला की आमच्या ओपीडीत आजाराबरोबर प्रवेशाचे प्रश्नही येऊ लागतात. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या एका शेतकरी गृहस्थांनी परवा विचारलं, ‘‘डॉक्टरसाहेब, पोरीला मार्क चांगले पडलेत, पण ती नर्सिंगच घ्यायचं म्हणते. इंजेक्शन द्यायला अन् पट्टी बांधायला चार वर्षं कशाला लागतात हो?’’

प्रश्न प्रामाणिक होता. त्याचं उत्तर मलाही एका विद्यार्थिनीनंच शिकवलं.

मी तेव्हा निवासी डॉक्टर होतो. रात्रीच्या राउंडला तापानं दाखल झालेल्या एका आजोबांचा रक्तदाब पाहिला, ठीक वाटला, पुढे गेलो. नर्सिंगची एक विद्यार्थिनी मागून आली. म्हणाली, ‘‘सर, आजोबांचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजला. बत्तीस आहे. संध्याकाळी बावीस होता.’’ निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. प्रकृती ढासळू लागली की पुष्कळदा रक्तदाब उतरण्याआधीच श्वासाचा वेग वाढतो. हे मी वाचलं होतं. तिनं मोजलं होतं. न्यूमोनिया वाढत होता. उपचार वेळेत बदलले आणि आजोबा चालत घरी गेले.

बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं लागतात ती अशी नजर तयार व्हायला. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१च्या अभ्यासक्रमानुसार ही पदवी आठ सत्रांची आहे. सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, पोषण आणि परिचर्येची मूलतत्त्वं. मग सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र आणि प्रौढांच्या आजारांतली शुश्रूषा. पुढे बालरुग्ण, मानसिक आरोग्य, प्रसूती, सामुदायिक आरोग्य, संशोधन आणि व्यवस्थापन. शेवटचं सत्र इंटर्नशिपचं.

यादी वाचून विषय कळतात, काम कळत नाही. साधं सलाइन घ्या. ५०० मिली सलाइन चार तासांत द्यायचं आहे आणि नळीतून एका मिलीचे २० थेंब पडतात. म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. हा हिशेब सिस्टर घड्याळ धरून करतात. कमकुवत हृदयाच्या रुग्णाला हेच सलाइन घाईनं गेलं तर फुप्फुसात पाणी साठून जीव धोक्यात येऊ शकतो.

पहिल्याच सत्रात समाजशास्त्र आणि मानसशास्त्र असतं, याचं अनेकांना नवल वाटतं. आमच्याकडे मधुमेहाची एक सूनबाई वारंवार चक्कर येऊन दाखल व्हायची. मी गोळीचा डोस तपासत बसलो. सिस्टरांनी तिला एवढंच विचारलं, ‘‘घरात तू जेवतेस कधी?’’ ती गोळी सकाळी घ्यायची आणि सगळ्यांचं उरकल्यावर दुपारी तीनला जेवायची. साखर उतरणारच. गोळी आणि जेवणाची वेळ जुळवून दिली, सासूबाईंनाही समजावलं आणि चक्कर थांबली.

आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे ‘थांबा’ म्हणणं. पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन पातळ न करता थेट शिरेत दिलं तर हृदय बंद पडू शकतं. दमलेल्या डॉक्टरनं घाईत चुकीचं लिहिलं, तर ते औषध रुग्णापर्यंत पोचण्याआधी शेवटचा हात नर्सचा असतो. तो हात थांबायला औषधाचं ज्ञान लागतं आणि ‘सर, पुन्हा एकदा बघता का?’ असं विचारायचं धैर्यही. माझी अशी चूक एकदा सिस्टरांनी अडवली आहे. तेव्हा राग आला होता. आज त्यांचे उपकार वाटतात.

त्या गृहस्थांना मी हे सगळं सांगितलं आणि दोन सूचनाही केल्या. पहिली, कॉलेजला मान्यता आहे का, ते भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांच्याकडे तपासा. दुसरी, मुलींना प्रत्यक्ष काम शिकायला भरपूर रुग्ण असलेलं रुग्णालय आहे का, ते स्वतः जाऊन बघा. इमारत चकचकीत आणि वॉर्ड रिकामे असतील, तर तिथं मुलगी पुस्तक शिकेल, शुश्रूषा नाही. आणि हो, मुलालाही हे शिक्षण घेता येतं. आमच्या वॉर्डात ‘ब्रदर’ही आहेत.

दरवर्षी नव्या विद्यार्थिनी वॉर्डात येतात, तेव्हा पहिले काही दिवस त्या नुसत्या उभ्या राहून बघत असतात. नातेवाइकांना वाटतं, पोरी रिकाम्या आहेत. त्या रिकाम्या नसतात. रुग्णाकडे बघायला शिकत असतात. तुमचं माणूस दाखल असेल आणि अशी एखादी मुलगी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत शांत उभी दिसली, तर मिनिटभर तिच्याशी बोलू नका. ती श्वास मोजत असेल.