चर्चेचा तास

कॅनडातील विद्यापीठांत समाजशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम घेणाऱ्यास नुसती व्याख्याने ऐकून भागत नाही. पुष्कळ ठिकाणी व्याख्यानाच्या जोडीस लहान गटाचा चर्चेचा तास असतो आणि तेथे बोलण्यालाही गुण असतात. मराठी घरांतील मुलांची पंचाईत होते ती येथे. गुरूपुढे मुकाट बसावे हा घरचा संस्कार. त्यातून विषमतेच्या प्रकरणात जातिसंस्थेचा उल्लेख निघाला की साऱ्या वर्गाच्या नजरा त्या एकट्याकडे वळतात. ‘आमच्यात आता तसे काही उरले नाही’ एवढे म्हणून तो सुटका करून घेतो. आईबापांनाही ते उत्तर पसंत असते.

वस्तुतः अशा तासाचा एक थोर दाखला मराठी माणसापाशी आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. हे गोल्डनवायझर कॅनडाला अपरिचित नव्हते. १९११ ते १९१३ या काळात त्यांनी ऑन्टॅरिओतील ग्रँड नदीकाठच्या सिक्स नेशन्स वस्तीत इरोक्वॉय लोकांच्या कुळांचा अभ्यास केला होता. तेथे मूल आईच्या कुळाचे, आणि स्वतःच्या कुळात विवाह निषिद्ध. सगोत्र विवाह वर्ज्य मानणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटू नये!

आंबेडकरांचे प्रतिपादन असे की, भारतात गोत्राबाहेर विवाहाची चाल मुरलेली होती. तिच्यावर गटातच विवाह करण्याचे बंधन लादले गेले आणि जात जन्मली. मग जोडीदार गमावलेल्या स्त्रीपुरुषांचे काय करावयाचे? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चालींचा उलगडा त्यांनी या प्रश्नातून केला. ज्ञानकोशकार केतकरांची व्याख्या त्यांनी आदराने घेतली, पण तिच्यातील उणीवही दाखविली. हा निबंध १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला.

मार्च २०२३ मध्ये टोरांटोच्या शाळा मंडळाने जातिभेदाचा प्रश्न प्रांताच्या मानवी हक्क आयोगाकडे नेण्याचे ठरविले, तेव्हा आपल्याच लोकांत दोन तट पडले. तेव्हा मौनाने आता कोणाचीच सुटका नाही. त्यापेक्षा घरातील तीन पिढ्यांच्या सोयरिकी लिहून काढाव्यात, जातीतल्या किती आणि बाहेरच्या किती ते मोजावे, आणि तो कागद वर्गात न्यावा. शेजारच्या फ्रेंच किंवा युक्रेनियन घराण्यातील मुलालाही मग विचारता येईल, की त्याच्या आजीचे लग्न कोणत्या चर्चमधल्या माणसाशी लागले होते.