बाबेलची विद्या आणि दानीएलचा निश्चय

आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुली दृढीकरणानंतर फार काळ घरी राहत नाहीत. बेळगावचा तरुण बेंगळूरुला जातो, गोव्याची परिचारिका आखातात जाते, इंदूरचा विद्यार्थी पुण्याच्या वसतिगृहात राहतो. अशाच एका विद्यार्थ्याच्या हातावर मित्राच्या आईने गणपतीचा प्रसाद ठेवला. गोंधळून त्याने तो खिशात टाकला. माउलीने ते पाहिले. "फादर, मी काय करावयास हवे होते?" असे त्याने मला विचारले. त्याचा दृढीकरणाचा वर्ग मीच घेतला होता. त्यात या प्रश्नाला जागा नव्हती.

पवित्र शास्त्रात ती आहे. दानीएलच्या ग्रंथाचा पहिला अध्याय म्हणजे परमुलखात नेलेल्या चार तरुणांच्या शिक्षणाचा वृत्तांत होय. त्यांच्यासाठी खास्दी भाषा व विद्या यांचे तीन वर्षांचे शिक्षण ठरविण्यात आले, आणि त्या विद्येत ते निपुण झाले. त्यांना परकी नावे देण्यात आली. त्याबद्दल त्यांनी तक्रार केल्याचे नमूद नाही. राजाचे अन्न व द्राक्षारस मात्र दानीएलने नाकारला. हा नकारही उद्धट नव्हता. त्याने विनंती केली, अधिकाऱ्याचे भय जाणले आणि दहा दिवसांची परीक्षा सुचविली. काय शिकावे, काय सोसावे व काय नाकारावे, हा विवेक त्याने घरूनच नेला असला पाहिजे.

याच विवेकाची दुसरी बाजू गोव्यात दिसते. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली येथे आले, येथील भाषा शिकले, आणि १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात त्यांनी तारणाचा इतिहास मराठी ओवीत सांगितला. ज्याची श्रद्धा दृढ, त्याला परक्या भाषेचे भय नसते.

तेव्हा वर्गात पाठांतर असावेच. परंतु प्रत्येक नकाराचे कारणही सांगावे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय ८ ते १०) संत पौल नैवेद्याविषयी केवळ नियम देत नाही. प्रभूच्या मेजाशी निष्ठा आणि दुर्बल बंधूची सद्सद्विवेकबुद्धी, या दोहोंचा तो विचार करतो. तो भाग मुलांकडून वाचून घ्यावा व त्यावर त्यांना बोलू द्यावे. तसेच शेजाऱ्याच्या सणाचा अर्थ त्या शेजाऱ्याकडूनच ऐकण्यास त्यांना पाठवावे. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केलेच आहे.

त्या विद्यार्थ्याला मी उशिराच उत्तर दिले : हात जोडून, मित्राच्या आईचा मान राखून, आपली निष्ठा मोकळेपणाने सांगता येते. पुढच्या मुलांना हे घर सोडण्यापूर्वी कळावे.