भलत्याच माणसाला लागलेली गोळी : जबाबदारी कोणाची, आणि ती ठरवणार कोण?

पोलीस, नागरिक आणि कायदा : लेखांक सहावा

पोलिसांच्या गोळीने भलताच माणूस मेला तर त्या मृत्यूला गुन्हा म्हणायचे, चूक म्हणायचे की केवळ दुर्दैव म्हणून सोडून द्यायचे, हा प्रश्न भारतात १९९७ या एकाच वर्षात चहूबाजूंनी पुढे आला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरमधील एका बनावट चकमकीत मारल्या गेलेल्या दोघांच्या कुटुंबांना भरपाई देववली. २९ मार्च रोजी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांनी चकमकीतील मृत्यूंची चौकशी कशी व्हावी याविषयी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. त्या पत्राला दोन दिवस होत नाहीत तोच दिल्ली पोलिसांनी भर दुपारी कनॉट प्लेसमध्ये दोन निरपराध व्यावसायिकांना गुंड समजून ठार केले. जुलैत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला आणि ऑगस्टअखेरीस मुंबईत जी चकमक झाली, तिच्यावरून उभ्या राहिलेल्या वादाचा निकाल लागायला पुढे सतरा वर्षे जावी लागली. मागील लेखांकांत अटक आणि कोठडी यांविषयीचे नियम पाहिले; या लेखांकात बंदुकीचा विचार करावयाचा आहे.

आरंभ कायद्याच्या कसोटीपासून करणे योग्य ठरेल. भारतीय दंड संहितेच्या ७६ आणि ७९ या कलमांत, म्हणजे आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४ आणि १७ या कलमांत, ‘वस्तुस्थितीची चूक’ हा बचाव मान्य केलेला आहे. एखाद्याने समोरची परिस्थिती चुकीची समजून घेऊन, परंतु आपण कायद्यानुसारच वागत आहोत अशा सद्भावनेने कृत्य केले, तर ते कृत्य गुन्हा ठरत नाही. १९२३ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवले जाते. बाहेरगावाहून वॉरंट घेऊन मुंबईस गेलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याने रीतसर चौकशी करून भलत्याच माणसाला अटक केली, त्या माणसाने बेकायदा अडकवून ठेवल्याची फिर्याद केली आणि न्यायालयाने अधिकाऱ्याला संरक्षण दिले. तो निकाल न्याय्यच होता, कारण अधिकाऱ्याने आधी खातरजमा केली होती आणि अटक झालेला माणूस चूक उघड होताच घरी परतू शकत होता. गोळीच्या बाबतीत यांपैकी दुसरी गोष्ट कधीच शक्य नसते, म्हणून पहिलीचे महत्त्व कितीतरी पटींनी वाढते.

येथे ‘सद्भाव’ म्हणजे नुसती मनाची शुद्धता नव्हे, हे लक्षात घ्यावे लागते. योग्य ती दक्षता आणि लक्ष न देता केलेले कोणतेही कृत्य सद्भावाने केले असे म्हणता येणार नाही, अशी व्याख्या दंड संहितेच्या ५२व्या कलमात होती आणि नव्या संहितेतही ती कायम आहे. ‘मला तो गुंडच वाटला’ हे म्हणणे कितीही प्रामाणिक असले तरी तसे वाटण्यापूर्वी कोणती खातरजमा केली, याचे उत्तर द्यावे लागते. दंड संहितेत आणखी एक मधला मार्ग होता आणि तोही नव्या संहितेत कायम आहे : लोकसेवकाने आपले कर्तव्य बजावताना सद्भावाने अधिकारमर्यादा ओलांडली आणि त्यातून मृत्यू घडला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. मात्र त्या मार्गाच्या तोंडाशीही सद्भावाचीच अट उभी आहे.

कनॉट प्लेसचे प्रकरण या कसोटीवर जसे घासले गेले तसे दुसरे क्वचितच गेले असेल. ३१ मार्च १९९७ रोजी दिल्ली गुन्हे शाखेचे पथक सहायक पोलीस आयुक्त एस. एस. राठी यांच्या नेतृत्वाखाली उत्तर प्रदेशातील एका गुंडाच्या मागावर होते आणि त्याच समजुतीने पथकाने एका मोटारीचा पाठलाग केला. बाराखंबा रस्त्याजवळ मोटार थांबताच तिच्यावर गोळीबार झाला, त्यात दोघे ठार आणि तिसरा जखमी झाला. एवढेच घडले असते तर खटल्याचा सारा वाद दक्षतेच्या प्रश्नाभोवती राहिला असता आणि कदाचित मधला मार्गही खुला राहिला असता. परंतु आधी मोटारीतून गोळ्या आल्या असा दावा पथकाने केला आणि त्याच्या पुष्टीसाठी मोटारीत पिस्तूल सापडल्याचे दाखवले. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात हा बनाव उघड झाला, २००७ मध्ये दहा पोलिसांना खुनाबद्दल जन्मठेप झाली, २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि २ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. चूक झाकण्यासाठी रचलेल्या खोट्या पुराव्याने सद्भावाच्या बचावाचा आधारच काढून घेतला. या निकालाचा गाभा येथेच आहे आणि पोलीस प्रशिक्षणात त्याचे वाचन सक्तीचे करावे इतका तो मोलाचा आहे.

या खटल्याशेजारी लंडनमधील घटना ठेवून पाहावी. २२ जुलै २००५ रोजी स्टॉकवेल भुयारी रेल्वे स्थानकात ब्राझीलच्या एका तरुण वीजतंत्र्याला आत्मघाती दहशतवादी समजून पोलिसांनी गाडीतच गोळ्या घातल्या. इंग्लंडच्या कायद्यात स्वसंरक्षणासाठी समजूत प्रामाणिक असणे पुरते, ती वाजवी असलीच पाहिजे अशी स्वतंत्र अट नाही; त्यामुळे एकाही अधिकाऱ्यावर व्यक्तिशः खटला चालला नाही. त्याऐवजी कामाच्या ठिकाणची सुरक्षितता सांभाळण्याविषयीच्या १९७४ च्या कायद्याखाली लंडनचे संपूर्ण पोलीस दल २००७ मध्ये दोषी ठरले आणि त्याला १ लाख ७५ हजार पौंड दंड झाला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही २०१६ मध्ये ही व्यवस्था बहुमताने ग्राह्य धरली. कागदावर पाहता भारतीय कायदा इंग्लंडहून कडक आहे, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. पण ज्या यंत्रणेने ही कसोटी लावायची ती आपल्याकडे बहुधा त्याच पोलीस दलाचा भाग असते आणि आपल्या सार्वजनिक वादाची खरी अडचण कायद्याच्या शब्दांपेक्षा या रचनेत आहे.

मुंबईतील प्रकरणाने हीच अडचण उघडी केली. ऑगस्ट १९९७ च्या अखेरीस जावेद फावडा नावाचा गुंड चकमकीत ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले; मारला गेलेला मनुष्य तो नव्हताच, तो साधा शेंगदाणे विकणारा होता, असे त्याच्या कुटुंबाचे आणि नागरी हक्क संघटनांचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायाधीश आग्यार यांच्या चौकशीने पोलिसांची हकिकत नाकारली, तर १९९९ मध्ये त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आग्यार यांचे निष्कर्ष बाजूला सारून पोलिसांना दोषमुक्त केले आणि पुढील प्रकरणांसाठी काही निर्देश दिले. त्याच कागदपत्रांवरून दोन न्यायिक मते इतकी परस्परविरोधी निघावीत, याचे एक कारण घटनेनंतरच्या पहिल्या काही तासांत जमा होणारा पुरावा सर्वस्वी पोलिसांच्याच हाती असणे, हे होय. पंचनामा तेच करतात, हत्यारे तेच जप्त करतात आणि मृताविरुद्ध हत्येच्या प्रयत्नाची फिर्यादही तेच नोंदवतात.

उच्च न्यायालयाच्या या निकालाविरुद्ध पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने केलेल्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल दिला, तेव्हा त्यापुढे १९९५ ते १९९७ या काळातील मुंबईच्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांतील सुमारे १३५ मृत्यूंचा विषय होता. सरन्यायाधीश लोढा आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी घालून दिलेले सोळा निर्देश आजही देशभर बंधनकारक आहेत. गुन्हेगाराविषयी मिळालेली खबर आधीच लेखी नोंदवावी. मृत्यू घडल्यास प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर, नोंदवून विनाविलंब न्यायालयाकडे पाठवावा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने, चकमकीतील प्रमुखाहून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली करावा. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांनी चित्रीकरणासह करावे. दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी. संबंधितांची हत्यारे तपासणीसाठी ताब्यात घ्यावीत आणि शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत बढती वा पदक देऊ नये. यांतील पहिला निर्देश सर्वांत कमी चर्चिला जातो, परंतु भलत्याच माणसावर झालेल्या गोळीबारात तोच निर्णायक आहे. खबर काय होती, तिच्यात वर्णन किती होते, हे गोळी सुटण्यापूर्वीच कागदावर असेल तरच दक्षता पाळली की नाही हे नंतर तपासता येते. हे निर्देश गंभीर दुखापतीच्या प्रकरणांनाही शक्य तितके लागू आहेत. त्यामुळे जानेवारी २०२० मध्ये किणी टोलनाक्यावर राजस्थानातील टोळीच्या संशयितांशी कोल्हापूर पोलिसांची जी चकमक झाली आणि ज्यात संशयित जिवंत हाती लागले, तशा घटनाही या चौकटीबाहेर राहत नाहीत.

जमावावरील गोळीबाराचा प्रश्न थोडा निराळा आहे, कारण तेथे चूक ओळखीची नसून धोक्याच्या अंदाजाची असते. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा बचाव करण्यात आला. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार अनावश्यक ठरवला आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप दिली, पुढे अपिलात त्यांना जामीन मिळाला. कोल्हापूर परिसरातील वाचकांना नोव्हेंबर २०१२ मधील ऊस दर आंदोलन आठवेल. सांगली जिल्ह्यातील वसगडे येथे पोलिसांच्या गोळीने एका शेतकऱ्याचा जीव गेला होता. अशा घटनांनंतर आपल्याकडे चौकशीची मागणी, मदतीची घोषणा आणि काही बदल्या हा क्रम ठरून गेलेला आहे, आणि बदलीला शिक्षा समजण्याची सवय पोलीस, पुढारी आणि पत्रकार या तिघांनाही लागलेली आहे.

या वादात पोलिसांची बाजू हलकी लेखण्याचे कारण नाही. कच्ची खबर घेऊन पाठवलेल्या शिपायाला क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो, गोळीबाराचा सराव त्याला पुरेसा मिळत नाही आणि चुकीच्या खबरीवर स्वाक्षरी करणारा वरिष्ठ बहुधा आरोपपत्राबाहेर राहतो, हे आक्षेप रास्त आहेत. खटल्यांमुळे मनोधैर्य खचते हा आक्षेप मात्र तितका टिकत नाही, कारण सरकारी सेवकावर कर्तव्यासंबंधी खटला भरण्यापूर्वी शासनाची पूर्वपरवानगी लागते आणि ही ढाल बरीच भक्कम आहे. नागालँडमधील ओटिंग येथे ४ डिसेंबर २०२१ रोजी लष्करी पथकाने घरी परतणाऱ्या खाण कामगारांना बंडखोर समजून ठार केले. तेथे सशस्त्र दलांच्या विशेष अधिकारांचा कायदा लागू होता आणि राज्य पोलिसांनी आरोपपत्र ठेवूनही केंद्राने परवानगी नाकारली, म्हणून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते प्रकरण थांबवावे लागले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २१८व्या कलमाने सामान्य प्रकरणांत सरकारला १२० दिवसांची मुदत घातली असून त्यात निर्णय न झाल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाईल. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, पण तिचा उपयोग तपास परवानगीच्या टप्प्यापर्यंत पोहोचला तरच.

तो तेथवर पोहोचणे किती कठीण आहे, हे बदलापूर येथील लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातील आरोपीच्या मृत्यूने अलीकडेच दाखवले. २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलीस वाहनात गोळी लागून तो मरण पावला. त्याच्याविरुद्धच्या आरोपांमुळे लोकांचा रोष इतका होता की या मृत्यूची चौकशी मागणेही अनेकांना गैर वाटले. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरले, तरीही विशेष तपास पथक नेमून कारवाई करण्याचा आदेश ७ एप्रिल २०२५ रोजी उच्च न्यायालयाला द्यावा लागला. लोकमत आरोपीच्या विरोधात असते तेव्हाच ही यंत्रणा खऱ्या अर्थाने तपासली जाते.

प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्यास सांगितले होते. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने राज्य आणि महसूल विभाग अशा दोन पातळ्या ठरवल्या. परिणामी पुणे विभागात येणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्याला स्वतःचे प्राधिकरण मिळाले नाही. शिवाय हे प्राधिकरण चौकशी करून सरकारला शिफारस करते, शिक्षा देत नाही. चंदगड किंवा शाहूवाडीतील कुटुंबाला मृत्यूची तक्रार घेऊन एवढा प्रवास करावा लागणार असेल, तर जिल्हा पातळीचा मूळ आदेश का बदलला, हे राज्याने सांगायला हवे होते. एक वाट मात्र जवळ आली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात कामकाज करीत असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील माणसाला एफआयआर नोंदवून घेण्यासाठी किंवा भरपाईसाठी रिट याचिका करण्याकरिता मुंबई गाठण्याची गरज राहिलेली नाही. २०१४ च्या निर्देशांचे पालन झाले नाही अशी तक्रार असल्यास ती थेट जिल्ह्याच्या सत्र न्यायाधीशांकडेही करता येते, आणि ती करण्याचा अधिकार मृताच्या कुटुंबाला आहे.