वळगणीची मरळ आणि खाडीचा जवळा

मृगाचे पाणी ओढ्यांतून धावू लागले की भिवंडी तालुक्यातील खाचरांत वळगणीचे मासे चढतात. मरळ, शिंगटी, शिवडा असा फुकटचा बाजार दाराशी येतो. पण मासा चिरताना कधी मांसात भाताच्या दाण्याएवढी पिवळट गाठ सापडते, आणि घरची मंडळी सगळी मासळीच उकिरड्यावर टाकतात.

ही गाठ म्हणजे एका चपट्या कृमीचे पिल्लू. त्याची फेरी मोठी गमतीची आहे. वाढलेला कृमी बगळ्याच्या घशात राहतो. त्याची अंडी पाण्यात पडतात, पिल्ले आधी गोगलगायीत आणि मग माशात शिरतात. तो मासा बगळ्याने गिळला की फेरी पुरी! माणसाचा तिच्याशी सहसा संबंध येत नाही. गाठी काढून नीट शिजवलेला मासा बाधत नाही.

मरळीत मात्र आणखी एक बारीक सूतकृमी असू शकतो. कच्च्या मांसाबरोबर तो पोटात गेला तर माणसाच्या कातडीखाली हिंडतो, क्वचित डोळ्यात किंवा मेंदूतही पोचतो. थायलंडच्या काही भागांत गोडे मासे कच्चे खाण्याची चाल आहे. तिथे यकृतातल्या कृमीने पुष्कळ लोक आजारी पडतात. आपल्याकडे कालवण रटरटते, म्हणून आपण सुटतो. धोका आहे तो बांधावर काटक्या पेटवून भाजलेल्या मरळीत. वरून करपलेली, आतून कण्याशी कच्चीच! मीठ, चिंच, कोकम यांनी कृमी मरेल यावर विसंबू नये. मांस कण्यापासून सुटेपर्यंत आच लागली पाहिजे. मासा चिरलेल्या विळीवर न धुता कांदा-कोथिंबीर चिरू नये.

आता कोळंबी. १०० ग्रॅम सोललेल्या ताज्या कोळंबीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम १ ग्रॅम चरबी असते. तेवढ्याच वजनाच्या अंड्यांत प्रथिने १३ ग्रॅम. पण डोके-साल गेले की पाव किलोतले निम्म्याच्या आसपासच हाती उरते, हे भाव करताना ध्यानात ठेवावे. आमच्या मते सुका जवळा अधिक परवडतो. त्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिने, आणि सालासकट खातो म्हणून कॅल्शियमही भरपूर. रेती जाईपर्यंत तो दोन-तीन पाण्यांतून काढावा. कोळंबीने अंगावर गांधी उठत असतील त्यांनी जवळ्यालाही हात लावू नये, जात एकच.

राहिली कामवारी नदी. भिवंडीच्या रंगाई आणि सायझिंग कारखान्यांचे सांडपाणी तिच्यात उतरत आले आहे. कृमी उकळीने मरतो, पण सांडपाण्यातली विषारी द्रव्ये उकळून जात नाहीत. शहराखालच्या पाण्यातली मासळी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.